जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, साधे शास्त्र तज्ज्ञांकडून घरापर्यंत येताना कुठे अडकते?

प्रश्न : गोदाकाठ, नाशिक

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या तीन वर्षांच्या मुलाला जुलाब लागले. पहिल्या दिवशी आठ-नऊ वेळा पातळ संडास झाली, दोनदा उलटी झाली आणि संध्याकाळपर्यंत तो मलूल झाला. सासरे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले आणि ‘ओआरएस द्या’ असे सांगून दोन खोकी घेऊन आले. खोक्यावर संत्र्याचे चित्र होते, ‘ओआरएस’ ही अक्षरे ठळक होती, आत नळीने प्यायचे पेय होते आणि मुलाला ते इतके आवडले की रात्रीपर्यंत दोन्ही खोकी संपली. रात्री जुलाब वाढले. सकाळी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी रिकामे खोके माझ्या हातात देऊन मागची बारीक अक्षरे मलाच वाचायला लावली. दर १०० मिलिलिटरला साखर ११ ग्रॅमच्या वर होती आणि अगदी खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, हे पेय जुलाबावर वापरण्यासाठी नाही अशा अर्थाची सूचना होती. मुलगा चार दिवसांत बरा झाला, पण माझ्या मनातले प्रश्न तसेच राहिले.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले आणि ऐकले. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याच गोंधळाबद्दल कित्येक वर्षे लोकांना सावध करत होत्या, हे मला मुलगा आजारी पडल्यानंतर कळले. त्याच सुमारास आईच्या ट्रंकेत माझ्या लहानपणीचे एक पत्रक सापडले. त्यात एक लिटर पाण्याला आठ चमचे साखर आणि एक चमचा मीठ असे प्रमाण होते. आमच्या डॉक्टरांनी मात्र सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ सांगितले. ओआरएसच्या पाकिटातल्या क्षारांचे प्रमाणही मध्यंतरी बदलले आहे म्हणे.

माझे विचारणे असे की, खोक्यातले पेय आणि पाकिटातली पूड यांत नेमका फरक काय, आणि तज्ज्ञांचे आकडे बदलतात तेव्हा सामान्य माणसाने त्याचा अर्थ कसा लावायचा? आणखी एक गोष्ट मला जास्त सलते. हे शास्त्र पन्नास वर्षांहून जुने आहे. माझे सासरे रोज दोन वर्तमानपत्रे शेवटच्या पानापर्यंत वाचतात, तरी त्यांना ते ठाऊक नव्हते. तज्ज्ञांनी सांगितले नाही, की आम्ही ऐकले नाही?


उत्तर : बालवैद्य, सातारा

तुमचा पहिला प्रश्न सोपा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. आतड्याच्या अस्तरात एक दार आहे असे समजा. त्या दारातून ग्लुकोजचा एक रेणू आत येतो तेव्हा तो मिठातल्या सोडियमच्या दोन कणांना सोबत घेऊनच येतो आणि त्यांच्या मागोमाग पाणी शरीरात शिरते. ग्लुकोज आणि सोडियमची ही जोडी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. कॉलऱ्यासारख्या आजारात आतड्यातून पाण्याचे पाट वाहत असतानाही हे दार चालू राहते, आणि जलसंजीवनीचा सारा आधार तेवढाच आहे. एका लिटरच्या पाकिटात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. एकूण पूड २०.५ ग्रॅम. त्यातली साखर चवीसाठी घातलेली नसते. मिठाला आत नेण्यापुरतीच ती असते, आणि तिचे प्रमाण वाढले की काम उलटे होते. तुमच्या खोक्यावरचा आकडा लिटरच्या हिशेबाने मांडला तर तो ११० ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे पाकिटातल्या साखरेच्या आठपट. इतके गोड पाणी आतड्यात उतरले की ते पातळ करण्यासाठी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. मुलाला ते आवडले यात नवल नाही, कारण ते सरबतच होते.

आता बदललेल्या आकड्यांविषयी. पूर्वीच्या पाकिटात एका लिटरला सोडियम ९० मिलिमोल आणि ग्लुकोज १११ मिलिमोल होते (मिलिमोल हे कणांच्या संख्येचे माप). कॉलऱ्याच्या रुग्णांच्या संडासातून मीठ फार जाते आणि हे सूत्र मुळात त्यांच्यावरच्या कामातून आले, म्हणून ते तेवढे खारट होते. लहान मुलांच्या नेहमीच्या जुलाबात मात्र मीठ कमी जाते. पुढे अनेक देशांत कमी तीव्रतेच्या द्रावणाची जुन्या द्रावणाशी तुलना झाली आणि असे दिसले की नव्या द्रावणाने उलट्या कमी होतात, संडासाचे प्रमाण घटते आणि मध्येच सलाईन लावण्याची वेळ सुमारे एकतृतीयांशाने कमी येते. म्हणून २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोलवर आणले. जुन्या पाकिटानेही असंख्य मुले वाचली होती. नवे त्याच्याहून थोडे बरे ठरले, एवढेच. ट्रंकेतल्या पत्रकातले मीठ-साखरेचे प्रमाण त्या आधीच्या काळातले आहे. आज घरच्या घरी करायचे असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे. पण त्यात पोटॅशियम नसते, त्यामुळे पाकीट हाती येईपर्यंतची ती सोय समजावी.

किती द्यायचे हेही सांगून ठेवतो. प्रत्येक पातळ संडासानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्यापुढच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, इतक्या सावकाश पुन्हा सुरू करावे. उलटी झाली म्हणून पाजणे बंद करणे ही घरोघरी होणारी चूक आहे. अंगावरचे दूध, पेज, मऊ भात, वरण चालूच ठेवावे. मूल पाणी पिईनासे झाले, गुंगीत राहू लागले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसू लागली, लघवी बंद झाली किंवा संडासात रक्त दिसले, तर मात्र घरी बसून चमचे मोजत राहू नये; तडक दवाखाना गाठावा.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझ्याकडे फक्त कबुली आहे. माझ्या बाह्यरुग्ण विभागात पावसाळ्यात सकाळी साठ-सत्तर मुले असतात. ‘ओआरएस द्या’ हे मी उठता उठता सांगतो आणि झिंक चिठ्ठीवर लिहितो. पाकीट कोणते, पाणी किती, कसे पाजायचे, हे सांगायला लागणारी चार मिनिटे माझ्याकडे नसतात, असे मी स्वतःला बरीच वर्षे समजावत आलो आहे. तुमच्या सासऱ्यांनी दुकानात जाऊन जे दोन शब्द म्हटले, ते आम्हीच लोकांना शिकवलेले दोन शब्द आहेत.


उत्तर : चौकस, पुणे

डॉक्टरसाहेबांचे विवेचन पटले, तरी एक शंका राहते. आमच्या लहानपणी जुलाब झाले की पोटाला विश्रांती द्या, खाणे बंद ठेवा, असे डॉक्टरच सांगत. आता खाणे चालू ठेवा म्हणतात. भ्रमणध्वनीवर तर पांढरा डगला घातलेला प्रत्येक जण तज्ज्ञ असतो, आणि बोलणे संपता संपता तो कुठली तरी पूड नाहीतर गोळी विकायला काढतो. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे वाक्य खरा तज्ज्ञही म्हणतो आणि हाही म्हणतो. ऐकणाऱ्याने दोघांतला फरक कसा ओळखावा?


उत्तर : लोकआरोग्य, वर्धा

गोदाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते, कारण जलसंजीवनीच्या इतिहासात शोधाचा भाग लहान आणि सांगण्याचा भाग मोठा आहे. चौकस यांच्या शंकेचे उत्तरही बहुधा त्यातच मिळेल.

कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कॉलऱ्याच्या १८६ रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचे पाणी दिल्याचा अनुभव छापला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, आणि दोष पूर्णपणे वाचणाऱ्यांचाही नव्हता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हे पाणी का लागू पडते याचा उलगडा तोवर झाला नव्हता. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी शिस्तीने प्रयोग करून दाखवले की तोंडाने द्रावण दिले तर सलाईनची गरज मोठ्या प्रमाणात कमी होते. तरीही वैद्यकविश्वाचा समज असा होता की हे फक्त सुसज्ज रुग्णालयात, शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखाली करावे.

तो समज १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सीमेजवळच्या बनगावला मोडला. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला होता, रुग्णालयात रुग्ण जमिनीवर पडून होते आणि सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी दर लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधे मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरवले, कोलकात्यात त्याच्या पिशव्या भरून घेतल्या, छावणीत तोटी असलेल्या पिंपांत ते द्रावण कालवले आणि पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. एका लिटरला खर्च आला ११ पैसे. नुसत्या सलाईनच्या भरवशावर असताना जिथे शंभरातले तीस रुग्ण दगावत, तिथे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी कसे कालवायचे याची पत्रके सीमेवर वाटली आणि बांगलादेशी बंडखोरांच्या गुप्त आकाशवाणी केंद्रावरून तीच कृती सांगितली गेली. त्यांचा शोधनिबंध छापून आला १९७३ मध्ये. लोकांना आधी कळले आणि वैद्यकविश्वाला मागाहून. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकीयाने या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

एवढे झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. प्रत्यक्षात अवघड भाग तिथून सुरू झाला. बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरी बायकांना पाठवून मातांना ‘लोबोन-गुड’ शिकवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. अर्धा शेर म्हणजे घरातल्या भांड्यात कुठवर, हे कळावे म्हणून त्या भांड्यावरच खूण करून देत. काही आठवड्यांनी दुसरा माणूस त्यांतल्या काही घरी जाई, मातेला काय आठवते ते विचारी, तिच्याकडून द्रावण करून घेई आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जाई. शिकवणाऱ्या बाईचा पगार, तिने किती घरे केली यावर नव्हे, तर मातांच्या किती लक्षात राहिले यावर ठरे. मला तर वाटते, आपल्याकडे आरोग्यशिक्षणाच्या एखाद्या तरी मोहिमेचा हिशेब असा ठेवला तर पुष्कळांची झोप उडेल.

इतके करूनही सुरुवातीला पंचाईत झाली. मातांना कृती तोंडपाठ होती, पण मुलाला जुलाब लागल्यावर ती वापरणाऱ्या घरांची संख्या फारच थोडी निघाली. शोध घेतला तेव्हा कळले की खुद्द शिकवणाऱ्या बायकांचाच गूळपाण्यावर विश्वास नव्हता. त्यांच्या स्वतःच्या पोटात बिघडले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे कसे लागू पडते ते समजावले गेले, आणि बाजारात, मशिदीत, शाळेत जाऊन पुरुषांशीही बोलणे सुरू झाले, कारण औषधाला पैसे द्यायचे की नाही हे घरचा पुरुष ठरवत होता. त्यानंतर वापर वाढला.

आता आपल्याकडचे, अगदी अलीकडचे. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ शहरांतल्या दोन हजारांहून अधिक खासगी वैद्यकीय व्यावसायिकांचा अभ्यास छापून आला. आपल्या दोन वर्षांच्या मुलाला जुलाब झाले आहेत असे सांगणारी शिकवून तयार केलेली माणसे त्यांच्याकडे पाठवली होती. काहींनी जलसंजीवनीच्या पाकिटाचे छायाचित्र दाखवले, काहींनी प्रतिजैविकाचे, काहींनी काहीच नाही. पाकीट लिहून दिले जात नाही त्याचे कारण दुकानात ते नसते किंवा त्यात नफा नसतो असे आपण धरून चालतो. पण या दोन कारणांचा वाटा अनुक्रमे फक्त ६ आणि ५ टक्के निघाला. ‘रुग्णाला हे नको असते’ हा डॉक्टरांचा समज मात्र ४२ टक्के प्रसंगांच्या मुळाशी होता. ज्यांनी पाकिटाचे छायाचित्र दाखवले, त्यांना ते लिहून मिळण्याचे प्रमाण २७ टक्के-बिंदूंनी वाढले. म्हणजे डॉक्टर समजतात की लोकांना सुई हवी, लोक समजतात की डॉक्टरांनी सुई दिली म्हणजे तीच खरी, आणि दोघांच्या मधे २०.५ ग्रॅमचे पाकीट पडून राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा आकडा हेच सांगतो: जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ६१ जणांना ओआरएस मिळाले. २०१५-१६ मध्ये तोच आकडा ५१ च्या आसपास होता, म्हणजे चाल पुढेच आहे, पण ज्या देशात हे पाणी पिंपांतून पाजून दाखवले गेले त्या देशाला हा वेग शोभत नाही.

चौकस, तुमच्या शंकेविषयी इतकेच म्हणतो की चटर्जी आणि नॅलिन-कॅश यांच्यात जो फरक होता तोच इथे लावून पाहावा. ‘सिद्ध झाले’ म्हणणाऱ्याला विचारावे की कोणावर तपासले, किती जणांवर, कशाशी तुलना करून, आणि तुम्ही हे सांगता त्यात तुमची काही विक्री आहे का. मीठ, साखर आणि पाणी सांगणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळणार? पोटाला विश्रांती देण्याचा जुना सल्ला होता खरा. तो अनुमानावर उभा होता, आणि मुलांना खायला घालून त्यांची प्रकृती तपासली गेली तेव्हा तो मागे पडला. सल्ला बदलणारा माणूस बदलाचे कारण सांगू शकतो का, याकडे मी जास्त लक्ष देतो.


उत्तर : निवृत्त आरोग्यसेविका, जव्हार

मी तीस वर्षे पाड्यांवर पाकिटे वाटली. वर लिहिले आहे ते सर्व बरोबर आहे, पण चूक कुठे होते ते सांगते. ‘लिटर’ हा शब्द घरात नसतो. घरात तांब्या असतो, हंडा असतो. एका माउलीने मला अभिमानाने दाखवले की ती पाकीट जपून वापरते: चहाच्या पेल्यात एक चमचा पूड, मग पाकिटाचे तोंड दुमडून डब्याखाली. त्या पेल्यातले पाणी मी चाखले तर जीभ चरचरली. असे खारट पाणी बाळाला द्यायचे म्हणजे फार धोक्याचे. तेव्हापासून मी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली पिशवीत ठेवू लागले. त्या बाटलीने घरच्या कळशीत पाणी ओतायचे, जिथवर येईल तिथे कोळशाने रेघ मारायची आणि माझ्यासमोर अख्खे पाकीट त्यात रिकामे करायला लावायचे. पाणी उकळायचे असेल तर आधी उकळून गार करायचे, पूड घातल्यावर उकळायचे नाही. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे, कितीही जिवावर आले तरी.

मीठ-साखर घरी कालवली तर एकच खूण सांगत असे: डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर टाकून द्या आणि पुन्हा करा. ही खूण कोणी विसरले नाही. आता २०० मिलिलिटरची छोटी पाकिटेही मिळतात, त्यामुळे नवा घोळ होतो. मोठे पाकीट पेल्यात आणि छोटे पाकीट बाटलीत असे दोन्ही मी पाहिले आहे. पाकिटावर किती पाण्यासाठी ते लिहिलेले असते, ते दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घ्यावे.


उत्तर : औषधविक्रेता, बार्शी

आमच्या व्यवसायावर रोख येणारच होता, म्हणून लिहितो. नळीची खोकी काउंटरवर डोळ्यांसमोर मांडलेली असतात आणि पुडीची पाकिटे खालच्या खणात असतात, हे खरे आहे. खोके तयार असते, त्यावर नफा अधिक असतो आणि गिऱ्हाइकाला कालवण्याची कटकट नको असते. ‘ओआरएस द्या’ म्हटले की हात वरच्या फळीकडे जातो. माझाही जात असे, ते लपवत नाही.

आता कायद्याची बाजू सांगतो. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, खुलासा छापण्याच्या अटीवर, मुभा दिली होती. १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने ती मुभा काढून घेतली गेली. नावाच्या पुढे-मागे दुसरा शब्द जोडूनही ‘ओआरएस’ लिहिता येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. हैदराबादच्या ज्या डॉक्टरांचा उल्लेख वर आला आहे, त्या सुमारे आठ वर्षे हाच मुद्दा लावून धरत होत्या. एका बालरोगतज्ज्ञाने कॅमेऱ्यासमोर बसून, खोके हातात धरून, साखरेचा आकडा वाचून दाखवला आणि लोकांनी दुकानात येऊन आम्हाला तो आकडा विचारायला सुरुवात केली, हे मी स्वतः अनुभवले आहे. मला आदेशाच्या आधीपासूनच ती खोकी खाली आणि पाकिटे वर ठेवावी लागली, कारण गिऱ्हाईक शहाणे होऊन आले होते.

आदेश निघाला तरी नाव बदलून तीच पेये फळीवर राहणार, म्हणून ओळखण्याची रीत सांगतो. खोक्यावर अन्न परवान्याचे चिन्ह आणि चौदा आकडी क्रमांक असेल तर ते खाद्यपेय आहे. औषध म्हणून मिळणाऱ्या पाकिटावर औषधाच्या उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो आणि घटकांत सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, सोडियम सायट्रेट आणि डेक्स्ट्रोज ही चार नावे असतात. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, त्याने गोंधळू नये.


पुन्हा : गोदाकाठ, नाशिक

सर्वांचे आभार. आजच सासऱ्यांना ही सगळी चर्चा मोठ्याने वाचून दाखवली. औषधविक्रेत्यांच्या उत्तरावर ते बराच वेळ गप्प होते. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि आमच्या स्टीलच्या तांब्यात किती पाणी मावते ते मापून आले. साडेसातशे मिलिलिटर निघाले. इतकी वर्षे आम्ही त्यालाच एक लिटर समजत होतो. त्यांनी आता एका काचेच्या बाटलीवर रंगाने रेघ ओढून ती फडताळात वेगळी ठेवली आहे.

डॉक्टर, एक राहिलेले विचारते. तुम्ही झिंकचा उल्लेख केला आहे. आमच्या मुलालाही त्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, पण चौथ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून आम्ही त्या बंद केल्या. ते चुकले का?


उत्तर : बालवैद्य, सातारा

चुकले, आणि त्यातही चूक निम्मी आमचीच, कारण चौदा दिवस का द्यायच्या हे बहुधा कोणी तुम्हाला सांगितले नसेल. जुलाबात शरीरातले झिंक संडासावाटे जाते आणि आतड्याचे अस्तर भरून यायला ते लागते. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असे चौदा दिवस दिले तर चालू असलेले जुलाब लवकर आटोपतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा होण्याची शक्यताही घटते. हा दुसरा फायदा जुलाब थांबल्यावर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे गोळ्या चौथ्या-पाचव्या दिवशी बंद होतात. तुमच्याच घरी नाही, बहुतेक घरी. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. तेव्हा बंद केल्या म्हणून आता काही करायची गरज नाही. पुढच्या वेळी चिठ्ठीवर चौदा हा आकडा स्वतः लिहून घ्या, आणि मी लिहायला विसरलो तर मला विचारा.

तांब्याचे माप मात्र मी आजच आमच्या परिचारिकांना सांगितले. उद्यापासून बाह्यरुग्ण विभागात टेबलावर एक लिटरची बाटली आणि एक रिकामा तांब्या ठेवणार आहोत.